अळंबीचं बूड मातीतच राहिलं तर?

प्रश्न : जंगलातली अमॅनिटा (अळंब्यांचा एक गट, यात जीवघेण्या विषारी जातीही आहेत) ओळखायची कशी? फोटोशी ताडून पाहिलं तर चालेल का?

उत्तर : नाही. रंगावर तर मुळीच जाऊ नका. अमॅनिटा फॅलॉइडस, म्हणजे ‘डेथ कॅप’ची टोपी हिरवट, पिवळसर, कधी जवळजवळ पांढरीही असते. अमॅनिटा मस्कारियाच्या लाल टोपीवरचे पांढरे खवले जोराच्या पावसात धुऊन जातात.

महत्त्वाची खूण मातीत असते. अळंबी खुडू नका. दांड्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर खुरपं खुपसून ती मातीसकट उचला आणि माती बोटांनी हलकेच झाडा. (नुसत्या स्पर्शाने विषबाधा होत नाही, नंतर हात धुवा.) डेथ कॅपच्या फुगीर बुडाभोवती फाटकी पांढरी पिशवी दिसते. दांडा वरून मोडला की पिशवी जमिनीतच राहते आणि हातात येते ती निरुपद्रवी वाटणारी अळंबी. मस्कारियाला अशी पिशवी नसते, बुडाच्या गाठीवर खवल्यांची वर्तुळं असतात. दांड्यावरचं कडं आणि टोपीखालचे पांढरे कल्ले (पातळ पापुद्रे) हेही पाहा. पण कडं गळून पडतं, काही जातींत ते नसतंच. म्हणून एखादी खूण दिसली नाही, एवढ्यावरून अळंबी सुरक्षित ठरवू नका.

बीजाणूंचा ठसाही घ्या. दांडा टोपीलगत कापून टोपी कल्ले खाली करून कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला. कागद अर्धा काळा, अर्धा पांढरा हवा. काही तासांत, फार तर रात्रभरात ठसा उमटतो. अमॅनिटाचा ठसा पांढरा येतो. भातपेंढ्यावरच्या खाद्य अळंबीलाही बुडाशी पिशवी असते, पण तिचा ठसा गुलाबी येतो आणि दांड्यावर कडं नसतं. कोवळेपणी तिचे कल्लेही पांढरेच असतात, घोटाळा होतो तो इथेच. मात्र कित्येक खाद्य अळंब्यांचा ठसाही पांढरा असतो, तेव्हा ठसा हा एकटा पुरावा नव्हे.

प्रश्न : अंड्यासारखी गोल, न उमललेली अळंबी?

उत्तर : उभी चिरा. आत टोपी, कल्ले, दांडा यांची आकृती दिसली तर ती अमॅनिटा असू शकते, टाकून द्या.

प्रश्न : चांदीचा चमचा काळा पडला नाही, गोगलगायींनी कुरतडलेली आहे, नीट शिजवलीही; मग?

उत्तर : तिन्ही कसोट्या खोट्या आहेत. डेथ कॅपमधली अमॅटॉक्सिनं ही विषं उकळून, वाळवून, गोठवूनही टिकतात. ती यकृताच्या पेशींमधलं प्रथिननिर्मितीचं काम थांबवतात. एक मोठी टोपी प्रौढ माणसाचाही जीव घेऊ शकते. गोगलगायी मात्र ती खुशाल खातात.

प्रश्न : चुकून खाल्ली तर किती वेळ वाट पाहावी?

उत्तर : अजिबात नाही. अमॅटॉक्सिनमुळे होणाऱ्या उलट्या-जुलाब साधारण 6 ते 12 तासांनी, कधी 24 तासांनी सुरू होतात. पुढे रुग्णाला बरं वाटू लागतं आणि घरचे निर्धास्त होतात, पण नेमक्या त्याच काळात यकृत निकामी होत असतं. त्रास नसला तरी खाणाऱ्या प्रत्येकाला रुग्णालयात न्या. घरी उलटी करवू नका. उरलेली कच्ची अळंबी कागदी पिशवीतून (प्लॅस्टिकमध्ये ती लवकर कुजते) आणि शिजवलेली डब्यातून सोबत न्या. खाल्ल्याची वेळ लिहून ठेवा. तासाभरातच उलट्या झाल्या तरी अमॅटॉक्सिनची शंका मिटत नाही. दोन-तीन जाती एकत्र शिजल्या असतील, तर आधीचा त्रास दुसऱ्याच अळंबीचा असू शकतो. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.