पंचनाम्याच्या आदल्या रात्री

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दुपारी वाचला, संध्याकाळी पुन्हा वाचला. फोनच करणार होतो. पण फोनवर तू रडशील आणि मी मवाळ होईन, म्हणून कागदावर लिहून त्याचे फोटो पाठवतोय. अक्षर लावून घे. आयुष्यभर जनावरांचे दाखले लिहून ते असंच झालंय.

वाडीतल्या आजींना खरं सांगू की नको, असं विचारलंयस. आधी उत्तर. सांग. आज रात्रीच सांग, उद्या सकाळी वनरक्षक यायच्या आत. पुढचं पत्र सांगून आल्यावर वाचलंस तरी चालेल, पण मला माहितीये तू आधीच वाचणार.

तुमच्या कुत्र्याच्या, खंड्याच्या तोंडाला नुसतं रक्त दिसलं असतं, तर मी म्हटलं असतं, थांब जरा. बिबट्यानं मारून टाकलेल्या जनावरापाशी कुत्रं नंतर जातं, तोंड घालतं आणि सकाळी आळ त्याच्यावर येतो. असं मी पाहिलंय. पण तू गोठ्यापाशी पोचलीस तेव्हा आजींचं करडू, चिंगी, त्याच्या तोंडात होतं. तू ओढून काढलंस, ते तुझ्यासमोर गेलं. मग तू खंड्याला घरात कोंडलंस, त्याचं तोंड धुतलंस आणि पहाटेपर्यंत जागी राहिलीस. सकाळी आजींनी टाहो फोडला, सगळी वाडी गोळा झाली, कुणीतरी म्हणालं 'बिबट्या', आणि तू काही बोलली नाहीस. इथवर मला समजतं. त्या क्षणी मीही बोललो नसतो.

पण दुपारी तू मला विचारलंस, 'काका, आजींना सरकारचे पैसे मिळणार असतील तर मी सांगून त्यांचं नुकसानच करतेय ना?' हा प्रश्न तुझा नाही, तुझ्या वडिलांचा आहे. मी त्यांना पंचवीस वर्षं ओळखतो. माणूस वाईट नाही, हिशेबी आहे. आणि हिशेब वरवर बरोबरही दिसतो: आजींना भरपाई, तुमच्या घराला शांतता, खंड्या वाचला, बिबट्याला काय, त्याच्या नावावर आणखी एक करडू. कुणाचंच काही गेलं नाही.

गेलं. कसं ते सांगतो.

आपल्या तालुक्यात बिबट्या ही काही तोंडी लावायची गोष्ट नाही. कुकडीच्या धरणांचं पाणी आलं, ऊस आला, आणि उसात बिबट्यांच्या पिढ्या जन्मायला लागल्या. त्यांना जंगल ठाऊक नाही, ऊसच त्यांचं जंगल. २००१ ते २००३ या काळात जुन्नरमध्ये माणसांवर हल्ले वाढले, तेव्हा मी नोकरीत होतो. संध्याकाळी सहानंतर वाड्यांवर चिटपाखरू दिसायचं नाही. पुढं वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी अभ्यास करून दाखवलं, की दिसेल तो बिबट्या पिंजऱ्यात पकडून लांब नेऊन सोडण्यानं त्रास कमी झाला नाही, उलट वाढला. म्हणजे तेव्हा लोकांनी भीतीपोटी पिंजरे मागितले आणि त्या पिंजऱ्यांनीच भीती वाढवली. आज तुमच्या वाडीत परत तेच सुरू होईल. 'पिंजरा लावा' म्हणून उद्या अर्ज जाईल. पोरं शाळेत सोडायला माणसं रजा काढतील. रात्री विजेची पाळी आली तरी कुणी पाणी भरायला शेतात जाणार नाही. खंड्याच्या एका रात्रीपायी. आणि पुढच्या महिन्यात खराच बिबट्या कुणाची शेळी नेईल, तेव्हा त्या माणसाच्या पंचनाम्याकडं वनखातं संशयानं बघेल, कारण आधीचा एक फसवा निघालेला असेल.

तो फसवा निघेलच, हेही सांगून ठेवतो. तुझे वडील समजतात तितकं हे सोपं नाही. बिबट्या गळ्याला धरतो आणि धरून ठेवतो. गळ्यावर सुळ्यांची चार भोकं, बाकी अंग बहुतेक कोरं. कुत्रं तसं मारत नाही. ते मागून लागतं. मांड्या, शेपटीचं मूळ, बरगड्या, कान, जिथं सापडेल तिथं चावे, आणि हिसके देऊन फाडलेली कातडी. खायचं तर बऱ्याचदा नावही नाही. गोठ्याबाहेर ओल आहे म्हणालीस, म्हणजे ठसे असतील. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात. बिबट्या नखं आत ओढून चालतो. डालीखाली झाकून ठेवलेलं ते करडू उद्या जनावरांच्या डॉक्टरनं नुसतं उलटं केलं तरी त्याला कळेल. मग एक तर तो खरं लिहील, आणि वाडीसमोर आजी खोटं बोलल्यासारख्या दिसतील. त्या बिचारीला तर काही माहीतच नाही! नाहीतर गरीब म्हातारी बघून तो डोळेझाक करील. मी अशी डोळेझाक केलेली आहे, एकदा नाही. त्याचा अभिमान नाही.

पण हे सगळं बाजूला ठेव. पकडली जाशील म्हणून सांग, असं मला म्हणायचं नाही. आज रात्रीच जायला सांगतोय त्याचं कारण साधं आहे. गोठ्यात चिंगीची आई पण होती ना?

शेळीच्या केसांत दाताची भोकं दिसत नाहीत. वरून मुगाएवढा टिपका, आत खोलवर सडतं. चार दिवसांनी माशी बसते, किडे पडतात, मग शेळी चारा सोडते आणि तेव्हा लक्षात येतं. आजी समजतायत बिबट्या आला, एक पिल्लू मारलं, दुसरी वाचली. तिच्या मागच्या पायांवरून, शेपटीखालून हात फिरवून बघायचं कुणाच्या मनात येणार? तुला माहितीये म्हणून तुझ्याच मनात येऊ शकतं. हात फिरव, केस बाजूला करून बघ. भोक सापडलं तर साबणाच्या पाण्यानं भरपूर धू, आणि सकाळी दवाखान्यात ने. खंड्याला रेबीजची लस कधी दिली, ते कार्ड शोधून ठेव. वर्ष उलटून गेलं असेल तर मला आजच कळव. आणि तू ओढून काढताना तुझ्या हाताला ओरखडा, दात, काही लागलं का? मेसेजमध्ये तू लिहिलं नाहीस. लागलं असेल तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धू आणि उद्या सरकारी दवाखान्यात इंजेक्शन सुरू कर. यात 'बघू' नाही.

आता माझं सांगतो. तुझ्या काकूनं हे पत्र वाचलं तर ती म्हणेल, हे कशाला उकरलं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आम्ही एका तालुक्याच्या गावी क्वार्टरमध्ये राहायचो. शेजारी एक शिक्षक. त्यांच्या आईनं एक मांजर पाळलं होतं, पांढरं, शेपटीला काळा गोंडा. माझ्या कुत्र्यानं ते एका दुपारी मारलं. बघायला मी एकटाच. जनावरांचा डॉक्टर असून मी ते पोत्यात घालून मागच्या पपईखाली पुरलं. म्हातारी आठ-दहा दिवस संध्याकाळी दुधाची वाटी पायरीवर ठेवून, चमच्यानं वाजवून हाका मारायची. मला आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. मी रेडिओ लावायचो.

सहा महिन्यांनी मला राहवेना, मी सरांना जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं ते मांजराबद्दल रागावतील. मांजराबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, 'म्हणजे दिवाळीला तुम्ही आईच्या हातचा फराळ खाल्लात, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं.' मग एकेक काढत गेले. आई तापानं पडली तेव्हा मी गोळ्या आणून दिल्या होत्या, तेव्हाही ठाऊक होतं. त्यांच्या मुलीच्या बारशाला आम्ही गेलो होतो, तेव्हाही. मी केलेली एकेक चांगली गोष्ट त्यांनी माझ्यासमोर उलटी करून ठेवली, आणि मला काही बोलता येईना, कारण गोळ्या खरंच मी त्या वाटीच्या आवाजापायी नेऊन दिल्या होत्या. माझी बदली होईपर्यंत नमस्कार चालू होता. चहा बंद झाला तो झालाच.

तुझा अजून एकच दिवस गेलाय. आज सकाळपासून तू आजींच्या घरी काय काय खाल्लंस-प्यायलंस, त्यांना काय काय धीर दिलास, ते तुझं तुला माहीत. ती यादी आज लहान आहे.

जाताना वडिलांना सांगून जा, विचारून नाही. आईला बरोबर ने, ती येईल. मोबाइल घरी ठेव. बोलताना आजींच्या समोर उभी राहू नकोस, जमिनीवर बस. आणि पहिल्या वाक्यात सांग. 'आजी, चिंगीला बिबट्यानं नाही, आमच्या खंड्यानं मारलं. मी पाहिलं. सकाळीच सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही.' एवढंच. 'पण' म्हणू नकोस. गोठ्याचं दार उघडं होतं, हे खरं असलं तरी तू म्हणायचं नाही. खंड्या कारवानी जातीचा आहे, पिढ्यान्पिढ्या सशामागं धावायला पाळलेली जात, पळणारं दिसलं की त्याला आवरत नाही, हे सगळं मला लिहिलंस ते ठीक आहे. मला ते पटतंही. आजींना त्यातलं एक अक्षर सांगू नकोस. त्यांनी त्या करडाला आई दूध पाजेना म्हणून बाटलीनं पाजलंय, हिवाळ्यात चुलीपाशी निजवलंय. त्यांना जातीचं कौतुक काय करायचंय?

रडू आलं तर येऊ दे, पण मोठ्यानं रडायला लागू नकोस. तू रडलीस तर ती म्हातारी स्वतःचं दुःख ठेवून तुला पाणी द्यायला उठेल. तिचा स्वभाव मला माहितीये. आणि माफी मागितलीस तरी 'माफ केलं म्हणा' असं करू नकोस. ती शिव्या देईल, देऊ दे. गप्प बसली, तर तूही बस. तिनं जा म्हटलं की ये.

पैशांचं आज बोलायचं नाही. उद्या आईनं बोलायचं. बेल्ह्याच्या बाजारात तशा करडाला जो भाव असेल तो, वर दवाखान्याचा खर्च. हप्त्यानं द्यावे लागले तर हप्त्यानं, पण तारीख सांगून. सरकारी भरपाई बुडाली असं तुझ्या वडिलांना वाटत असेल, तर ती त्यांच्या खिशातून भरून निघते. त्यांना मी स्वतः फोन करीन, तू त्यात पडू नकोस. दुसरं करडू विकत घेऊन दारात नेऊन बांधायची कल्पना तुझ्या डोक्यात असेल, ती सोड. आजींना हवं असेल तर त्या कधीतरी म्हणतील. आणि वनरक्षक आला तर त्याला आजींनीच सांगू दे की बिबट्या नव्हता. गाडीचं पेट्रोल गेलं म्हणून तो कुरकुरेल, मनातून खूश होईल.

पोलिसांची भीती वडिलांनी घातली असेल तर ऐक. भारतीय न्याय संहितेत जनावर मारण्याचं कलम ३२५ आहे, पण ते जाणूनबुजून मारणाऱ्याला. तू काही खंड्याला सोडलं नव्हतंस. साखळी तुटली होती. मात्र साखळी जुनी झालीये हे तुला महिनाभर माहीत होतं, हेही तूच लिहिलंयस. ते आजींनी विचारलं तर लपवू नकोस.

खंड्याला मारू नकोस. आता मारलंस तर त्याला कशाबद्दल ते कळणार नाही, नुसता तू हात उचललास एवढं कळेल. पण तो आता मोकळा राहणार नाही. रात्री खोलीत, दिवसा नव्या साखळीत, फिरायला नेताना तोंडाला जाळी. एकदा तोंडात जनावर धरून पाहिलेलं कुत्रं परत धरतं. वाडीत कुणी म्हणेल, लांब नेऊन सोडून या. तेवढं करू नकोस. दुसऱ्या कुणाच्या तरी करडाच्या दारात सोडणं झालं ते. आणि कुत्रं उघड्यावर राहिलं तर बिबट्याचं आवडतं खाणं तेच आहे. नगरकडच्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात शेळ्यांपेक्षा कुत्रीच जास्त निघाली त्याच्या पोटात.

फोटो मिळाले की 'मिळाले' एवढं लिही. मी जागा आहे, बारा वाजले तरी फोन कर.

आणि आजींच्या घरापर्यंत उसाची कड लागते. टॉर्च घे, हातात काठी असू दे, आईशी मोठ्यानं बोलत जा. कालचा बिबट्या खोटा होता म्हणून उसातला खोटा नाही.

तुझा,
डॉक्टरकाका