दुसऱ्याच्या कॅपेक्सवर आपली बचत लावायची का?

तुमचा प्रश्न असा की मोठ्या टेक कंपन्या डेटा सेंटरवर दर तिमाहीला कॅपेक्स (यंत्रं-इमारतींसारख्या टिकाऊ गोष्टींवरचा खर्च) वाढवतायत, मग त्यांना सर्व्हरचं सामान पुरवणाऱ्या एकाच कंपनीत सगळी बचत टाकू का, त्यातली निम्मी दोन वर्षांनी घराच्या डाऊन पेमेंटला लागणार आहे. ती निम्मी तर विसराच, तिला शेअरचा वारासुद्धा लागू देऊ नका.

उरलेल्याचं बोलू. गिऱ्हाइकाचा कॅपेक्स म्हणजे या कंपनीची विक्री, इथवर तुमचं बरोबर, पण तो खर्च गिऱ्हाईक एका मीटिंगमध्ये थांबवू शकतं. नेटवर्कचं सामान बनवणाऱ्या सिस्कोचं बघा ना, जुलै २००० ला संपलेल्या वर्षात विक्री १८.९ अब्ज डॉलर, पुढच्या वर्षी २२.३ अब्ज, म्हणजे वर्षाचा आकडा वाढलेलाच दिसतो, पण त्याच वर्षाच्या मध्यात टेलिकॉम कंपन्यांनी हात आखडता घेतला, २ अब्ज डॉलरहून जास्तीचा माल राइट ऑफ करावा, म्हणजे तोटा धरून हिशोबातून काढून टाकावा लागला आणि मार्च २००० मध्ये ८० डॉलरच्या आसपास असलेला शेअर ऑक्टोबर २००२ मध्ये ९ च्या खाली. कंपनी काही बुडाली नाही हं, लोकांनी दिलेला भाव बुडाला.

म्हणून मी विक्रीच्या आधी येणी (गिऱ्हाइकांकडून अजून यायचे पैसे) आणि इन्व्हेंटरी (न विकलेला माल) बघतो. विक्री २० टक्के वाढली आणि येणी ४५ टक्के, तर माल उधारीवर ढकलतायत का हा संशय घ्यायचाच. नफा आणि ऑपरेटिंग कॅश फ्लो (धंद्यातून प्रत्यक्ष हातात आलेली रोकड) शेजारी ठेवा, दोन-तीन वर्षं नफा पुढे आणि कॅश मागे असेल तर मला नको ती कंपनी. वरच्या तीन-चार गिऱ्हाइकांकडून किती टक्के विक्री येते तेही वार्षिक अहवालात शोधा.

मग गिऱ्हाइकांचे ताळेबंद उघडा (हे कोणी करत नाही). खर्च स्वतःच्या कॅशमधून चाललाय की कर्ज काढून? आणि घसारा (यंत्राची किंमत त्याच्या आयुष्यावर वाटून दरवर्षी खर्चात धरतात तो) बघा, मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये सर्व्हरचं आयुष्य ४ वरून ६ वर्षं धरलं, त्याने दरवर्षीचा खर्च कमी दिसून नफा फुगतो, उलट ॲमेझॉनने २०२५ पासून काही सर्व्हरचं ६ वरून ५ केलं. यंत्र तेच, हिशोब वेगळा.

तर डाऊन पेमेंटचे मुदत ठेवीत. उरलेल्यातले फार तर १० टक्के या शेअरात, तेही तीन-चार हप्त्यांत, दर तिमाहीचा निकाल वाचून, आणि मोठ्या गिऱ्हाइकाने पुढच्या वर्षीच्या खर्चाचा अंदाज खाली आणला तर पुढचा हप्ता थांबवा, तेव्हा पीई (शेअरचा भाव नफ्याच्या किती पट ते) स्वस्त दिसेल पण तो मागच्या नफ्यावर काढलेला असतो.