माशाच्या शास्त्रीय नावापुढे माणसाचं नाव कधी कंसात, तर कधी कंसाशिवाय का लिहितात?

हे नाव त्या माशाचं पहिलं वर्णन करणाऱ्याचं. कंस दिसला की समजायचं, माशाची प्रजाती (genus, म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्द) नंतर बदलली. पुण्याचंच उदाहरण घ्या. मुळा-मुठेतल्या महसीर माशाचं वर्णन ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये छापलं आणि नाव ठेवलं 'बार्बस खुद्री'. 'खुद्री' हा इथल्याच लोकांच्या तोंडचा शब्द, साहेबांनी तो तसाच उचलला. मला याचं फार अप्रूप वाटतं. पुढे हा मासा 'टॉर' प्रजातीत गेला, म्हणून आता 'टॉर खुद्री (साइक्स, १८३९)' असं लिहितात. खुद्री मात्र टिकलं!

'टॉर रेमादेवीआय' या दुसऱ्या महसीरच्या नावापुढे मात्र कंस नाही, कारण २००७ मध्ये केरळच्या पांबार नदीतून त्याचं वर्णन झालं तेच टॉरमध्ये. कावेरीतला प्रसिद्ध कुबडवाला महसीर तोच, हे २०१८ मध्ये स्पष्ट झालं.