प्रोक्लिव्हिटी: उताराला लागलेला शब्द

प्रश्न असा आहे: 'विद्यार्थिनीच्या इंग्रजी शिफारसपत्रात तिला गणिताची प्रोक्लिव्हिटी आहे असं लिहिलं तर चालेल का? आणि हा शब्द प्रोपेन्सिटीहून वेगळा कसा?'

नाही चालणार. हल्ली 'प्रो'ने सुरू होणारा कुठलाही भारदस्त शब्द प्रावीण्याच्या अर्थाने ठोकून देतात आणि ऐकणारेही माना डोलावतात. प्रोक्लिव्हिटी म्हणजे स्वभावातला कल. त्याचा कौशल्याशी काडीचा संबंध नाही. जुगाराची प्रोक्लिव्हिटी असलेला माणूस जन्मभर हरत राहू शकतो.

'कल' मुद्दाम म्हटलं. लॅटिनमध्ये 'क्लिवस' म्हणजे उतार आणि 'प्रो' म्हणजे पुढे; ज्याचा उतार पुढच्या अंगाला आहे ते 'प्रोक्लिव्हिस'. आपल्याकडे भिंत कलते, दिवस कलतो आणि मनही कलतं. मग 'नैसर्गिक प्रवृत्ती' असला पुस्तकी प्रतिशब्द कशाला हवा?

हा शब्द तटस्थ आहे, चांगल्या-वाईट दोन्हींना चालतो, असं ठासून सांगणारे पंडित भेटतात. त्यांनी रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो उघडावा. इ.स.पू. 45मधल्या 'टस्क्युलन' संवादांत त्याने साफ वाटणी केली आहे: चांगल्या गोष्टींकडे ओढा असेल तर 'फॅसिलिटास', वाईटाकडे असेल तर 'प्रोक्लिव्हिटास', कारण त्यातून घसरण सूचित व्हावी. मेरियम-वेबस्टर हा इंग्रजी शब्दकोश आज 'विशेषतः आक्षेपार्ह गोष्टींकडे' अशी पुस्ती जोडतो. त्यातला 'विशेषतः'सुद्धा मला भित्रेपणाचा वाटतो.

पण खरी गंमत पुढेच आहे. 'क्लिवस'च्या मुळाशी असलेला 'टेकणे, कलणे' या अर्थाचा आद्य धातू, म्हणजे लॅटिन, ग्रीक, संस्कृत यांच्या समान पूर्वज भाषेतला धातू, संस्कृतात 'श्रि' होऊन आला. त्यातून आश्रय, आणि आश्रयातून आपला आसरा. ग्रीकमध्ये त्याचाच 'क्लिने' झाला, म्हणजे आडवं होण्याचा पलंग. रोग्याच्या पलंगाशी जाणारा वैद्य तो 'क्लिनिकोस', आणि तिथून क्लिनिक. ग्रीक 'क्लायमॅक्स' म्हणजे मुळात शिडी. इंग्रजी 'लॅडर' त्याच कुळातला. संस्कृत 'निःश्रेणी' म्हणजेही शिडी, आणि तिची मराठी लेक 'निसण'. घसरणीच्या शब्दाच्या गोतावळ्यात तीन तीन शिड्या! निसण हा शब्द आपण जवळजवळ टाकून दिला, याचा मला प्रोक्लिव्हिटीच्या सगळ्या गैरवापरापेक्षा जास्त राग येतो.

हं, प्रोपेन्सिटी. ती 'पेंडेरे' म्हणजे लोंबणे यावरून आली, पेंड्युलमची बहीण. पुढे लोंबते, घसरत नाही. म्हणून बरीच तटस्थ. अर्थशास्त्रज्ञ केन्सने 1936मध्ये उपभोग प्रवृत्तीसाठी, म्हणजे मिळकतीतून खर्च करण्याच्या कलासाठी, हीच निवडली. अर्थशास्त्रात तिच्या जागी प्रोक्लिव्हिटी घालून पाहा, खर्च करणारा प्रत्येक जण उधळ्या वाटू लागेल.

शिफारसपत्रात सरळ 'ॲप्टिट्यूड', म्हणजे उपजत क्षमता, लिहा.