फुकेतच्या किनाऱ्यावर आपले रुपये चालतील का?

तुमचा प्रश्न असा आहे: सिंगापूरहून सुटणारी चार रात्रींची क्रूझ, वाटेत मलेशियातलं पिनांग आणि थायलंडमधलं फुकेत, दोन्हीकडे एकेक दिवस उतरायचं. मेहुणे म्हणतात, आता सगळीकडे आपली माणसं आहेत, रुपये कोणीही घेतं, मग आधीच पैसे बदलून नुकसान कशाला? तर वरखर्चाला रुपयेच न्यावेत का?

नेऊ नका. परत आल्यावर दाबोळी किंवा मोपा विमानतळावरून घरी जायच्या टॅक्सीपुरते खिशात राहू देत, पण बंदरावर खर्चायला रुपये नेऊ नका.

मी गोव्यात, वास्कोला परकीय चलनाच्या काउंटरवर काम करते. मुरगाव बंदराला विदेशी क्रूझ लागते त्या दिवशी तुमच्याच प्रश्नाची दुसरी बाजू माझ्यासमोर येते. जहाजावरून उतरलेले पाहुणे टॅक्सी करून जुन्या गोव्याची चर्च, मंगेशीचं देऊळ, फोंड्याकडचं एखादं कुळागर (पोफळी-मसाल्यांची बाग) बघून येतात आणि गाडीवाल्याला पौंड किंवा युरो देतात. त्यांना वाटतं, बदलायची कटकट वाचली. पण वास्कोच्या बाजारात पौंड देऊन मासळी मिळत नाही. गाडीवाल्याला ती नोट घेऊन आमच्याकडे यावंच लागतं. हे त्याला आधीच ठाऊक असतं, म्हणून तो भाडं सांगतानाच ते वाढवून सांगतो. समजा पौंडाचा भाव ११० आहे, तर तो हिशेब ९५ नेच करणार. त्यात त्याचं काही चुकत नाही. उद्या भाव पडू शकतो, नोट फाटकी म्हणून परत येऊ शकते, शिवाय काउंटरवर यायचा वेळ त्याचाच जातो. पैसे बदलण्याचा खर्च टळत नाही. तो दुसऱ्याच्या गळ्यात पडतो आणि तो माणूस तो भाड्यातून वसूल करून घेतो.

नाण्यांचं तर त्याहून वाईट. आम्ही फक्त नोटा घेतो. शहाळीवाल्या बाईच्या हातात कोणी दोन युरोचं नाणं ठेवून गेलं तर तिला त्याचं काहीही करता येत नाही. ती ते घेऊन येते आणि मला नाही म्हणावं लागतं. फार वाईट वाटतं. म्हणून तुम्हालाही सांगते, परक्या बंदरावर आपली चिल्लर कोणाला टीप म्हणून देऊ नका.

फुकेतला तुम्ही त्या पाहुण्यांच्या जागी असाल, फक्त हातात पौंडाऐवजी रुपया असेल. पौंड किंवा डॉलर जगातल्या जवळपास कुठल्याही काउंटरवर खपतो. रुपयाचं तसं नाही. भारतातून बाहेर नेताना किंवा आत आणताना माणशी २५,००० रुपयांचीच मुभा आहे (नेपाळ आणि भूतानसाठी नियम वेगळे आहेत). त्यामुळे तिथल्या मनी चेंजरकडे रुपये साठले तरी ते खपवायला वाटा थोड्या, आणि तो भाव पाडून घेतो. त्यात २०१६ ची नोटाबंदी झाली, २०२३ मध्ये दोन हजारांची नोट मागे घेतली गेली. अशा वेळी बाहेर पडून असलेल्या नोटांचं काय होतं, हे हा धंदा करणारे विसरत नाहीत.

तरी तुमच्या मेहुण्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. एके काळी आखातात आपला रुपया खरोखर चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी रुपयाच्या वेगळ्या नोटाही काढल्या होत्या. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये आपापलं चलन आणलं. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि कतार, दुबईनेही तो सोडला. जुन्या पिढीतल्या तारवट्यांच्या, म्हणजे जहाजांवर काम करणाऱ्यांच्या, तोंडून रुपयाचे ते दिवस ऐकलेली घरं आमच्याकडे पुष्कळ आहेत. गंमत म्हणजे त्याच काळात इथे गोव्यात मात्र भारतीय रुपया परदेशी होता. १९६१ पर्यंत इथल्या नोटा पोर्तुगीजांच्या, आधी रुपिया आणि मग एस्कुदो.

आज नेपाळ आणि भूतानच्या बाजारात रुपया चालतो, पण त्या दोन्ही देशांना समुद्रच नाही, तेव्हा क्रूझवाल्यांना त्याचा उपयोग शून्य. सिंगापूरला मुस्तफा सेंटरच्या आसपास रुपये बदलून मिळतात. पिनांगला जहाज जॉर्ज टाऊनच्या स्वेटनहॅम धक्क्याला लागतं, तिथून लिटल इंडिया चालत जाण्याइतकं जवळ आहे, आणि तिथला एखादा दुकानदार रुपये घेईलही. पण भाव तो सांगेल तोच. सहा-सात तासांत जहाजावर परतायचं असताना चार दुकानं फिरून घासाघीस करायला वेळ कोणाकडे असतो?

आता काय न्यायचं ते सांगते. जहाजावर रोख लागतच नाही. तुमच्या खोलीच्या कार्डावर खर्च चढत जातो आणि शेवटी क्रेडिट कार्डातून वळता होतो. हा हिशेब कोणत्या चलनात होणार, अमेरिकन डॉलर की सिंगापूर डॉलर, हे जहाजागणिक बदलतं. बुकिंगच्या कागदांवर ते असतं, तेवढं बघून घ्या. किनाऱ्यावर मात्र पिनांगला रिंगिट आणि फुकेतला बाट लागेल. डॉलर दिलेत तर तिथेही गाडीवाल्याचाच हिशेब सुरू होईल.

बाट इथूनच घेऊन जा. त्याला एक कारण आहे, जे सहसा कोणी सांगत नाही. थायलंडमध्ये पैसे बदलताना पासपोर्ट मागतात आणि काही क्रूझवर पासपोर्ट जहाजवाले स्वतःकडे ठेवून घेतात. फुकेतला बरीच जहाजं पातोंगसमोर खोल पाण्यात नांगर टाकतात आणि माणसं छोट्या बोटींनी किनाऱ्यावर येतात. पासपोर्ट वर जहाजावर आणि तुम्ही किनाऱ्यावर, असं झालं तर पैसे बदलायच्या बूथवर अडून बसाल. दोघांना दिवसाला दोन-अडीच हजार बाट रोख असले की टुकटुक, जेवण, शहाळं निभावतं, असा माझा अंदाज. पण तिथली टुकटुक आपल्या रिक्षासारखी स्वस्त समजू नका. रिंगिट गोव्यात प्रत्येक काउंटरवर तयार नसतो, म्हणून दोन-चार दिवस आधी फोन करून सांगून ठेवा. पासपोर्ट, पॅन कार्ड आणि तिकीट सोबत आणा. ५०,००० रुपयांपर्यंतचं चलन रोख देऊन घेता येतं, त्यापुढे बँकेतून पैसे द्यावे लागतात. परकीय नोटा माणशी एका सहलीला ३,००० अमेरिकन डॉलरइतक्याच मिळतात, पण तुम्हाला तेवढ्या लागणारही नाहीत. अडीअडचणीला थोडे डॉलर घेणार असाल तर शंभराच्या आणि पन्नासाच्या कोऱ्या नोटा मागा. थायलंडमध्ये लहान नोटांना भाव कमी मिळतो, आणि पेनाने लिहिलेली किंवा दुमडून चिरलेली नोट नाकारतात.

मोठ्या खरेदीला कार्ड वापरा. परदेशातले व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये आधी सुरू करून घ्या, २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते आपोआप सुरू नसतात. आणि पुढचं वाक्य मेहुण्यांनाही वाचून दाखवा. दुकानातलं मशीन विचारेल, रक्कम रुपयांत घ्यायची की बाटमध्ये? रुपये दिसले की आपलं बोट आपसूक तिकडे जातं, कारण आकडा ओळखीचा असतो. तिथे बाटच निवडा. रुपये निवडलेत की भाव दुकानाच्या वतीने काम करणारी कंपनी ठरवते, आणि अशा व्यवहारावर बऱ्याच बँका वेगळं शुल्क लावतात ते निराळंच. बाट निवडलात तर तुमच्या कार्डाचं नेहमीचं शुल्क पडेल, बहुतेक कार्डांना ते साडेतीन टक्क्यांपर्यंत आणि वर जीएसटी. तेही कमी नाही, पण निदान आधी माहीत असतं. एटीएमही हाच प्रश्न विचारतं, उत्तर तेच. थायलंडमध्ये विदेशी कार्डावर एका वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त कापतात, म्हणून थोडे थोडे काढू नका. फॉरेक्स कार्ड (आधी परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड) घेणार असाल तर त्यात बाट भरता येतो का ते विचारा. डॉलर भरून बाट खर्चलात तर मध्ये पुन्हा एकदा बदल होतो आणि त्याचेही पैसे जातात.

यूपीआय सिंगापुरात निवडक दुकानांत चालतं. श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून सुरू आहे, तेव्हा पुढे कधी चेन्नईहून श्रीलंकेची क्रूझ केलीत तर बघा. या सहलीत मात्र त्याच्यावर विसंबू नका.

उरलेली नाणी शेवटच्या बंदरावरच पाणी, फळं घेऊन संपवा, इथे ती कोणी घेणार नाही. उरलेल्या नोटा २,००० डॉलरच्या आत असतील तर घरी ठेवायला हरकत नाही, त्याहून जास्त असतील तर परतल्यापासून १८० दिवसांत विकाव्या लागतात. बाट आणि रिंगिट पुढच्या सहलीसाठी जपून ठेवण्यापेक्षा लगेच विकलेले बरे, आणि चलन घेतलं तेव्हाची पावती येताना सोबत आणा.