आईच्या हातातलं काम काढून घेऊ नका

"आईला स्तनाचा कर्करोग आहे, आता हाडांत पसरलाय. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असते. स्वयंपाकघरात आली की आम्ही परत पाठवतो. मॉर्फिनची सवय लागेल म्हणून फारच दुखलं तरच गोळी देतो. 'खंबीर राहा' म्हटलं की चिडते. काय करू?"
– एक मुलगी, सातारा

ताई, आधी गोळीचं बघा, कारण दुखणं आटोक्यात आल्याशिवाय आई उठणार कशा? मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळ बघून द्यायची असते. दुखणं असह्य होईपर्यंत थांबलात, तर ते आवरणं जास्त कठीण जातं. कर्करोगाच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं. सुरुवातीची गुंगी, मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही. तिच्यासाठी पहिल्या दिवसापासून रोज पोट साफ होण्याचं औषध हवं. ते राहून जातं, पोट तटतं, जेवण सुटतं आणि घरचे मॉर्फिनलाच दोष देऊन ते बंद करतात. असं परस्पर बंद करू नका. मध्येच उसळणाऱ्या दुखण्यासाठी जादा मात्रा लिहून घ्या आणि ती आंघोळीच्या अर्धा तास आधी देता येईल का, तेही विचारा.

आंघोळीतच निम्मी ताकद जाते. न डगमगणारी, पाठ असलेली खुर्ची ठेवा, खाली न घसरणारी चटई. अंग पुसत उभं राहण्यापेक्षा मोठा पंचा गुंडाळून बसू द्या. वेणीफणी अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर.

चार दिवस वहीत लिहा: वेळ, दुखणं दहापैकी किती, तेव्हा आई काय करत होत्या. बरे तास कोणते, ते कळेल. त्या तासांत काय करायचं ते आईंनाच ठरवू द्या. दोनच कामं, पण त्यांच्या पसंतीची. मेथी निवडायची असेल तर टेबलाशी खुर्चीत बसून. विळीवर खाली बसणं नको. हाडं ठिसूळ झालेली असतात, म्हणून कुकर किंवा बादली उचलणं, वाकून अंगाला पीळ देणं पूर्ण बंद. मन लावून निवडलेली मेथीची जुडी आईंना 'मी अजून या घरात आहे' हे जाणवून देते, म्हणून मी यावर एवढा जोर देते. दमल्यावर नव्हे, दमण्याआधी थांबवा.

'खंबीर राहा' म्हणणं सोडा. "आज सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?" एवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. उदासी दोन आठवडे हटली नाही, तर डॉक्टरांना सांगा. तिच्यावरही उपचार आहेत.

पाठीत नवं दुखणं, पायांत अशक्तपणा किंवा बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, यातलं काहीही दिसलं तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात न्या. उशीर झाला तर पाय कायमचे जाऊ शकतात.

पुढच्या भेटीला वही न्या आणि पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करण्याच्या उपचारांच्या, डॉक्टरांकडे पाठवायला स्वतःहून सांगा. कर्करोगाचे उपचार चालू असतानाही त्यांची मदत घेता येते.