मैदानात कॅमेरा नेता येणार नसेल तर माहितीपट कसा करायचा?

तुमची अडचण थोडक्यात अशी: तुमच्या तालुक्यातली धावपटू 2026च्या आइची-नागोया आशियाई स्पर्धेसाठी तयारी करतेय, तुम्ही तिघं आहात, कॅमेरा एकच, आणि स्टेडियममध्ये चित्रीकरणाची परवानगी मिळणार नाही असं कळलंय. तर मग फिल्म करावी की सोडून द्यावी?

करा. परवानगीचं तुम्ही ऐकलंय ते खरंच आहे. अशा स्पर्धांत मैदानातलं चित्रण प्रक्षेपणाचे हक्क विकत घेतलेल्यांपुरतंच असतं. तिकीट काढून आत गेलात आणि फोनवर शर्यत टिपलीत, तरी ती फिल्ममध्ये वापरता येत नाही. हे धरूनच चाला. पण शर्यत हाच फिल्मचा गाभा आहे असं तुम्ही गृहीत धरलंय, ते मला पटत नाही. निकाल त्याच दिवशी सगळ्यांना कळलेला असतो. तुमची फिल्म लोक वर्षभराने बघणार.

1964च्या टोकियो ऑलिंपिकवरचा जपानी दिग्दर्शक कोन इचिकावा यांचा चित्रपट मिळवून बघा, एकदा आवाज बंद करूनही बघा. आधी हे काम दुसरे जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्याकडे जाणार होतं, ते इचिकावांकडे आलं. त्यांना मैदानात चित्रीकरणाची परवानगी होती, हाताशी कॅमेरामनची फौज होती. तरी चित्रपट सुरू होतो तो उगवत्या सूर्यावर, आणि लगेच लोखंडी गोळ्याने जुन्या इमारती पाडल्या जाताना दिसतात. पुढे चाडचा 800 मीटर धावणारा अहमद इसा येतो. त्याचा देश स्वतंत्र होऊन जेमतेम चार वर्षं झालेली. तो अंतिम फेरीतही पोचला नाही, पण खेळग्रामात एकट्याने जेवणारा इसा विजेत्यांपेक्षा जास्त लक्षात राहतो. मॅरेथॉनमध्ये इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला याचा चेहरा लांब लेन्सने इतका वेळ धरलाय की अंतराचं भान सुटतं आणि श्वास तेवढा उरतो. ऑलिंपिक खात्याचे मंत्री इचिरो कोनो यांना हे सगळं रुचलं नव्हतं, त्यांना रीतसर नोंद हवी होती. मला विचाराल तर मंत्र्यांना हवी होती तशी फिल्म आज कोणी उघडूनही बघितली नसती.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. हा चित्रपट नुसता नंतर एडिट टेबलावर जमवलेला नाही, त्याची पटकथा स्पर्धेआधी लिहिली होती. लिहिणाऱ्यांत इचिकावांच्या पत्नी नात्तो वादा होत्या, कवी शुन्तारो तानिकावा होते. काय घडेल हे त्यांनाही माहीत नव्हतं, पण कुठे बघायचं हे ठरलेलं होतं. तुमच्याकडे कॅमेरा एकच, म्हणजे तुम्हाला हे जास्तच लागू. आत्ताच चार-पाच पानं लिहून काढा: सराव, घर, प्रशिक्षक, शर्यतीआधीची रात्र. तिची निवडच झाली नाही तर फिल्म कशी संपेल, तेही लिहा. आणि तसं झालं तर कॅमेरा बंद करू नका, ती फिल्म कदाचित जास्त खरी असेल.

शर्यतीच्या वेळी तुमचा कॅमेरा गावात असू द्या. टीव्हीसमोर बसलेल्या आईच्या चेहऱ्यावर पूर्ण शर्यत घ्या, मध्ये कट नको. पडदा फ्रेममध्ये घेऊ नका आणि समालोचनाचा आवाजही जमेल तेवढा टाळा, त्यावरही हक्क असतात. आईला लेपल माइक, म्हणजे कपड्याला अडकवायचा छोटा माइक, लावा. चित्र थोडं हललं तरी चालतं, आवाज गेला की प्रसंगच गेला.

मैदानातले काही क्षण लागलेच तर ते हक्कधारकाकडून विकत घ्यावे लागतील. दर साधारणपणे सेकंदांच्या हिशेबात असतो, म्हणून आधी डमी फुटेजवर (त्या जागी तात्पुरतं लावलेलं चित्रण) एडिट लावून नेमके किती सेकंद हवेत ते काढा आणि मगच पत्र लिहा. फिल्म महोत्सवात दाखवणार की ओटीटीवर, कोणत्या देशांत, किती वर्षं, हे त्यात स्पष्ट हवं, कारण किंमत त्यावर ठरते.

सराव शिबिरात शूट करायचं असेल तर क्रीडा प्राधिकरण आणि अ‍ॅथलेटिक्स महासंघ, दोघांकडे लेखी अर्ज करा. त्याआधी धावपटू आणि प्रशिक्षकांची लेखी संमती घ्या. स्पर्धा जवळ आल्यावर त्यांना सही करायलाही सवड नसते, आणि तेव्हा मागणंही बरं नाही.